अंगदचा मुका क्लास

...नाय गं प्रांजली, तुला कोणी सांगितलं असं? अंगद जपानला कवा गेला? त्यानं विमान पाह्यलं ते चिकलठाण्याच्या विमानतळाला, तारेच्या कुंपणाबाहेरून, अन् तेबी उभं असलेलं. तरी जपानी माणूस त्याच्यासंग तास-तास बोलत बसायचा अन् पोट धरून हसायचा, तेवढं मात्र खरं हाय. आता तू वही घेऊन बसलीसच तर मधूनच नको लिवू. पहिल्यापासून घे, म्हंजी वाचणाराला समजंल चुकलं कुठं ते.

अंगद माझा धाकटा भाऊ, तुझ्या आईचा मामा. आमची वस्ती खुलताबादच्या मागं डोंगरात, धनगरांची दहा-बारा घरं. बाप बिरू, अन् त्याची मेंढरं. बापाची एक रीत व्हती. नवं लेकरू कळपामागं लावलं की पहिला हंगाम त्यानं तोंड उघडायचं नाय. हाळी द्यायची नाय, शीळ घालायची नाय, नुसतं चालायचं. बाप म्हणायचा, आधी मेंढराला तुझा वास कळू दे, तुला त्याची चाल कळू दे, आवाज आपसूक येतो. अंगद सात वर्षांचा असंल. सबंध हंगाम मुका चालला. मग एक दिवस कळप कोणाच्या तरी ज्वारीत घुसाया लागला, बाप लांब ओढ्याला व्हता, अन् ह्याच्या तोंडातून अशी हाळी निघाली की सगळी मेंढरं जागच्या जागी वळली. ती हाळी त्याला कोणी शिकवली नव्हती. आईनं त्या दिवशी त्याच्या ताटात गूळ वाढला.

बहात्तरला पाऊस गेला. मेंढरं काही मेली, काही इकली. बाप खडी फोडायला गेला अन् आमी रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. शाळेचं नाव कोणी काढलं नाय. अंगद मोठा झाला, मिसरूड फुटलं, तसा वेरूळला लागला, लेण्यात उजेड पाडायच्या कामाला.

ते काम आता कोणाला म्हाईत नाय. लेण्यात आतमधी अंधार असतो. बाहेर उन्हात एक जण मोठा आरसा धरायचा अन् ऊन आत मारायचा. आत दुसरा माणूस चकचकीत पत्रा घेऊन उभा. ते ऊन पत्र्यावर झेलायचं अन् पाहिजे त्या मूर्तीवर फिरवायचं. अंगद पत्र्यावर व्हता. जास्त करून त्याची जागा सुताराच्या झोपडीत. तसं नाव हाय त्या लेण्याचं, छताला दगडाच्याच फासळ्या कोरल्यात, लाकडाच्या वाशासारख्या. तिथं जपानी लोक लई यायचे, कारण आत बुद्धाची मोठी मूर्ती.

त्या लोकांना सांगणारे गाईड साहेबराव. शिकलेला माणूस, शहरातला, बुकं वाचून जपानी शिकलेला. दिवसातून तीनदा तीच गोष्ट सांगायचे. ते छताचं बोलले की उजेड छताला पाहिजे. बुद्धाच्या हाताचं बोलले की हातावर. वर कोरलेल्या ठेंगण्या बुटक्यांचं बोलले की त्यांच्यावर, अन् तिथं लोक हसायचे. अंगदला उशीर झाला तर साहेबराव डोळे वटारायचे. मग ह्यानं काय करावं? कान तिकडं लावला. कोणता आवाज आला की उजेड कुठं न्यायचा, एवढंच. त्याला कोणी म्हणलं नाय की म्हणून दाखव. कोणी विचारलं नाय की अर्थ सांग. सहा-सात वर्षं ह्यो माणूस नुसता ऐकत अन् उजेड फिरवत राह्यला.

अन् एक दिवस एक जपानी म्हातारी पायरीवर बसली. गुडघे धरले व्हते तिचे. ती काहीतरी पुटपुटली. अंगदनं पत्रा भिंतीला टेकवला, तिला पाणी दिलं, अन् सांगितलं की वर नका जाऊ, पायरी गुळगुळीत हाय, तुमचा मुलगा खालीच थांबलाय. सगळं जपानीत. ते बोलून झालं तरी ह्याच्या ध्यानात नाय की आपण काय बोललो. साहेबराव मागं उभे व्हते. त्यांनी विचारलं, "अंगद, हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाय साहेब. तुमीच बोलत व्हता की."

साहेबरावांनी मग त्याला जवळ केलं. बुकं आणली, ते जपानी चित्रासारखं अक्षर असतं ते गिरवायला दिलं. पण अक्षर काही अंगदला वळलं नाय. मराठीतबी तो फक्त आपलं नाव काढायचा, अन् तेबी असं की एकेक अक्षर जणू दगडातून खोदून काढतोय. साहेबराव दमले, त्यांनी नाद सोडला. पण ती लाज अंगदच्या पोटात बसली ती बसलीच. चारचौघांत कोणी कागद पुढं केला की ह्याला घाम फुटायचा. हे ध्यानात ठेव, कारण पुढं सगळं त्याच्यावरच बिघडलं.

वर्षं गेली. साहेबराव घरी बसले. लोकांच्या मोबाईलातच बॅटरी आली, मग पत्रा कोणाला पाहिजे? तरी अंगद लेण्यापाशी जाऊन जपानी लोकांशी गप्पा मारत बसायचाच. अन् इकडं औरंगाबाद, आता संभाजीनगर म्हणायचं, ते असं पसरलं की पडेगावची रानं प्लॉटं झाली. जिथं आमचा बाप मेंढरं बसवायचा तिथं जिम आली बघ, काचेची. पाणी मात्र कुठंच नव्हतं. नळाला आठ दिवसाला एकदा, ते पण पहाटं. आमी दौलताबादच्या रस्त्याला, पडेगावच्या कडंला दोन खोल्या केल्या व्हत्या.

त्याच पडेगावचे काकासाहेब. मोठे शेतकरी, ज्वारीच्या रानात तीन मजली बिल्डिंग उठवलेली, दुसरा मजला रिकामा. आठरा-एकोणीसचा दुष्काळ पडला तवा खेड्यातली पोरं कुठंबी जायला तयार झाली, नुसतं इथून न्या म्हणायची. त्यात बातमी आली की जपानात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला पोरं-पोरी पाहिजेत, फक्त भाषा आली पाहिजे. काकासाहेबांनी क्लासचा बोर्ड लावला, पण मास्तर मिळंना. पाव्हण्यांना लेणी दाखवायला नेलं तिथं त्यांनी अंगदला बोलताना ऐकलं, अन् उचलून आणलंच म्हण.

अंगदनं एकच अट घातली. पहिले चाळीस दिवस पोरांनी बोलायचं नाय. मी बोलंन, ती ऐकतील. काकासाहेब लई हसले. म्हणले, "बोलायला शिकवायचा क्लास अन् बोलायचं नाय. अंगदराव, असा मास्तर मी पहिल्यांदा पाह्यला." पण मास्तर दुसरा नव्हता. कबूल झाले.

चौदा पोरं-पोरी. आता तिथं काय चालायचं ते मला विचार, कारण मीच तिथली म्हातारी. व्हय, अंगदनं मला खुर्चीत बसवलं अन् सांगितलं, आक्का, तू जपानी आजी. मी म्हणले मला एक शब्द येत नाय. तो म्हणला, तुला फक्त म्हातारं व्हायचंय, ते तुला जमतंय. झालं. माझ्याच घरचा तांब्या, माझाच तवा, कंगवा, चादर, सगळं त्या टेबलावर. अंगद तांब्या उचलायचा अन् मिझु म्हणायचा, वाटीत ओतायचा अन् मिझु म्हणायचा, उगाच सांडल्यासारखं करायचा अन् घाबरून मिझु, मिझु. दुष्काळातली पोरं ती, पाणी सांडताना पाह्यलं की चौदाच्या चौदा पुढं झुकायची. मग रोज एक गोष्ट. आजीचा चष्मा हरवला. आजी रुसली, जेवंना. आजीला वाटतं नर्स चोर हाय. गोष्ट चालली असताना तो मधूनच एकाला खूण करायचा, अन् त्यानं उठून ते काम करायचं. चादर नीट करायची, वाटी भरायची, माझे केस विंचरायचे. चूक झाली तर कोणी रागवायचं नाय, तो तेच पुन्हा दुसऱ्या तऱ्हेनं सांगायचा. वही नाय, फळा नाय. एका महिन्यात मलाच कळाया लागलं. हिझा म्हंजी गुडघा.

त्या पोरांत एक व्हती तनुजा. सिल्लोडकडची, एकोणीस-वीस वर्षांची, बाप कापसाचा शेतकरी, कापूस तर बोंडातच वाळला त्या साली. मावशीकडं राहून यायची. बारावीला इंग्रजीत दोनदा नापास झाली व्हती. तिनंच मला सांगितलं केस विंचरता-विंचरता, शाळेतल्या बाई तिला उभी करून वाचायला लावायच्या, हिचं तोंड बंद व्हायचं, अन् मग बाई म्हणायच्या, एवढं सोपं येत नाय तुला? सगळा वर्ग हसायचा. त्यापायी ती मागल्या बाकावर बसायची, इथंबी. पण अंगदचं ध्यान तिच्यावरच. गोष्टीत हसायची जागा आली की पहिली ती हसायची, बाकीचे एक श्वास मागून. एक दिवस अंगद सांगत व्हता, आजीचा गुडघा ठणकतो. त्याचं वाक्य पुरं झालं नाय तोवर तनुजानं स्टूल ओढून माझ्या पायाखाली घातलं अन् चादर वर घेतली. अंगद घरी येऊन म्हणला, आक्का, ही पोरगी भरलीय. काठापर्यंत भरलीय. आता आठवडा-दहा दिवस, मग बघ ती थांबायची नाय.

मी त्याला तेवढा खूश कधीच पाह्यला नव्हता. साठीला टेकलेला माणूस, पहिल्यांदा कोणी सर म्हणत व्हतं.

महिना झाला अन् तनुजाची आई आली, आशाबाई. दोन एस्टी बदलून, डोक्यावर ऊन. पोरीला म्हणली काय शिकलीस, बोलून दाखव. पोरगी म्हणली आमाला अजून बोलायचं नाय. वही दाखव म्हणली. वही कोरी. आता त्या बाईची तरी काय चूक? घरी ढोरं छावणीत, अन् पोरगी महिनाभर म्हातारीचे केस विंचरून आली. ती थेट काकासाहेबांकडं गेली, तिच्यामागं अजून दोघा-तिघांचे बाप गेले.

काकासाहेबांनी अंगदला बोलावलं. नरम आवाजातच बोलले. म्हणले पुण्याहून एक साहेब येणार हायेत, तेच पोरं निवडून पुढं पाठवतात. चार दिवसांनी येतील. प्रत्येकानं उभं राहून आपलं नाव, गाव, घरात कोण, जपानला कामून जायचं, एवढं बोलून दाखवायचं. अन् एक पुस्तक पुढं केलं. यात सगळं लिव्हलंय, पाठ करून घ्या.

अंगदनं पुस्तक हातात घेतलं. आता इथं त्यानं म्हणायला पाहिजे व्हतं, काकासाहेब, बत्तीस दिवस झालेत, आठ राह्यलेत, साहेबांना आठ दिवसांनी बोलवा. त्याच्या मनात ते आलंबी. पण पुस्तक हातात व्हतं, अन् काकासाहेब म्हणले, उघडून बघा तर खरं, पान बारावर हाय. ह्याला घाम फुटला. वाद घातला तर पान उघडावं लागंल, पान उघडलं तर समजंल की सरांना वाचता येत नाय. तो नुसता व्हय म्हणला अन् पुस्तक बगलेत मारून घरी आला.

अन् आता माझं लिव. गाळू नको. तो सांजच्याला माझ्यापाशी बसला, जेवला नाय. म्हणला, आक्का, कच्चं तोडायला लावतायत. मी जाऊन सांगू का सगळं, मला वाचता येत नाय हे पण सांगू का? मी भाकरी थापत व्हते. मी काय म्हणले?

"गप ऐक त्यांचं. सर म्हणतायत ते बंद व्हईल तुझं."

तो उठला अन् न जेवताच अंथरूण घातलं. पुन्हा तो विषय आमच्यात निघाला नाय.

चार दिवस क्लासमधी रामेश्वर नावाचा पोरगा पुस्तक मोठ्यानं वाचायचा अन् बाकीचे घोकायचे. मला घरी बसवलं, आजीचं काम संपलं व्हतं. अंगद खिडकीपाशी उभा राह्यचा. तनुजाचं हसणं बंद झालं, असं तो म्हणला. गोष्ट नाय तर हसायचं कशाला?

साहेब आला त्या दिवशी मी गेले, दाराशी बसले. काकासाहेब, साहेब, आशाबाई, अजून चार-पाच जणांचे आई-बाप. अन् अंगदनं काय करावं? त्यानं सगळ्यांत आधी तनुजाला उठवलं.

आमच्यात कळप पाण्यातून न्यायचा असला, का अरुंद घळीतून काढायचा असला, की जी मेंढी सगळ्यांत भरीव, सगळ्यांत तयार, तिला पुढं घालतात. ती गेली की बाकीची डोळे झाकून मागं जातात. अंगदच्या अंगात तेच. त्याला वाटलं, ही भरलेली हाय, हिला पुढं घातली की सगळी पोरं निघतील. पण ती मेंढी नव्हती गं. ती मागल्या बाकावरची पोरगी व्हती, तिला पाठीमागून तेरा अन् समोरून दहा माणसं बघत व्हती.

ती उभी राह्यली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. काहीच आलं नाय. साहेब घड्याळाकडं बघून मराठीत म्हणला, पाठ नाय झालं का? मागून कोणीतरी खुसकन हसलं. काकासाहेबांनी अंगदकडं पाह्यलं. आशाबाईनं मान खाली घातली. अन् अंगद तिला म्हणला,

"एवढं सोपं येत नाय तुला?"

प्रांजली, त्याला म्हाईत नव्हतं. शाळेतल्या बाईचं ते वाक्य तिनं मला सांगितलं व्हतं, त्याला नाय. अन् मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, मला काय म्हाईत ते कामाला येईल. पण तो बोलला ते तिच्यासाठी बोललाच नाय. त्या दहा माणसांसाठी बोलला, की चूक पोरीची हाय, मास्तराची नाय. तिनं त्याच्याकडं एकदा पाह्यलं अन् खाली बसली. मग रामेश्वर उठला, त्यानं घडाघडा म्हणून दाखवलं, त्याच्यामागं बाकीच्यांनी. साहेब मान डोलवत गेला. काकासाहेबांनी पेढे वाटले. तनुजाच्या वाट्याचा पेढा टेबलावर तसाच राह्यला, ती जिन्यानं आईच्या मागं उतरून गेली व्हती.

दुसऱ्या दिवशी आली नाय. तिसऱ्या दिवशी मावशीकडं निरोप धाडला, तर मावशी म्हणली सिल्लोडला गेली, आता यायची नाय.

अंगदनं पुढं वर्षभर क्लास चालवला, पण पुस्तकाचा. रोज रामेश्वरनं वाचायचं, नंतर दुसऱ्या कोणी. मला पुन्हा खुर्चीत बसवलं नाय. चौघं जण निवडून गेले, जपानला पोचले. काकासाहेबांनी त्यांचे फोटो बोर्डावर लावले. मग कोरोना आला अन् क्लास बंद पडला, तो बंदच. अंगदनं किल्ली देऊन टाकली, अन् पुन्हा त्या जिन्याकडं फिरकला नाय.

रामेश्वरचा फोन येतो कधीमधी. तिकडं जपानात एका म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला हाय. मागल्या दिवाळीला फोन आला तवा मीच उचलला. तो म्हणला, आजी, ते पाठ केलेलं इथं एकदाच कामाला आलं, पहिल्या दिवशी. नंतर म्हाताऱ्या बाया बोलाया लागल्या की मला तेच समजतं जे तुमच्या खुर्चीपाशी ऐकलं व्हतं. चष्मा, गुडघा, रुसवा. बाकीचं मी इथं येऊन नव्यानं ऐकत बसलो. अन् म्हणला, तनुजा इथं असती तर तिला महिना लागला नसता. मी फोन अंगदच्या कानाला लावला. त्यानं ऐकलं, व्हय व्हय म्हणला अन् फोन मला परत दिला. त्या दिवशी तो शेजारच्या रानातल्या खळ्यावर जाऊन बसला ते दिवे लागेस्तोवर.

दोनदा सिल्लोडला गेलाय तो. मला सांगितलं बाजाराला चाललो. हर्सूलहून जीपमधी बसला, सिल्लोडच्या स्टँडवर उतरला, च्या प्याला, अन् परत आला. तनुजा तिथंच बाजारपेठेत कापडाच्या दुकानात बसती, ब्लाऊजपीस दाखवायच्या काउंटरवर, हे त्याला कडुबानं सांगितलंय. कडुबा आमच्याच वस्तीतला, जीप चालवतो. दुकान स्टँडपासून हाकेच्या अंतरावर हाय. पण ह्याचे पाय उचलत नाय तिकडं. मी म्हणले, अरे एकदा जाऊन बोल, मोकळा हो. तर म्हणतो, काय बोलू आक्का, तिला पुन्हा चारचौघांत उभी करू का? चाळीस दिवस पुरे व्हईस्तोवर थांबला असता तर आज ती कुठं असती, हे त्याच्या मनात येतं अन् माझ्याबी येतं. ती माझे केस किती हळू विंचरायची. कुठल्याबी देशातल्या म्हातारीला तिच्या हाताखाली बरं वाटलं असतं.

तर आता वाचणारांसाठी लिव. तुमच्यापैकी कोणी जळगाव रोडनं सिल्लोडला जात असंल, तर स्टँडजवळच्या कापडाच्या दुकानात जा अन् तनुजाला भेटा. गिऱ्हाईक असतील तवा बोलू नका, थांबा जरा, एखादा ब्लाऊजपीस बघा. ती एकटी असली म्हंजी हळूच सांगा की क्लासातल्या खुर्चीवरच्या आक्काबाईनं निरोप धाडलाय. सांगा की तुला येत नव्हतं असं नव्हतं, तुला समद्यांत जास्त येत व्हतं, अन् हे तुझ्या सरांना तवाबी म्हाईत व्हतं. ते स्वतःसाठी भ्याले व्हते अन् तुझ्यावर ढकललं. अन् त्यांना गप बस म्हणणारी मी व्हते. ती काही बोलली नाय तरी चालंल, तिला बोल म्हणू नका. फक्त एवढं तिच्या कानावर घाला.